गोल झाडूवाल्याचं प्रगतिपुस्तक

एक कोडं घालू? गोल आहे, पण भाकरी नाही. जमिनीवरून सरपटतो, पण कासव नाही. घरभर धूळ खात हिंडतो आणि पोट भरलं, की ते आपणच रिकामं करायचं! ओळखा पाहू!

बरोबर! घर झाडणारा रोबो. दुकानदाराच्या भाषेत 'रोबो व्हॅक्यूम क्लीनर'. एके काळी तो फक्त परदेशी सिनेमात दिसायचा. आता त्याची स्वस्त मॉडेलं साधारण दहा ते वीस हजार रुपयांच्या आसपास मिळतात आणि लातूरच्या एखाद्या घरातही 'घ्यायचा का आपण?' अशी चर्चा रंगते. बाबा जाहिरात वाचून दाखवतात. आई म्हणते, "आधी माझा मिक्सर नीट करून आणा." आजी विचारते, "कोपऱ्यातलं निघतंय का त्याला?"

दोस्तांनो, आजीचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे बरं का! गंजगोलाईत झाडू घ्यायला गेल्यावर घरातली मोठी माणसं काय करतात, आठवा. मूठ घट्ट आहे का बघतात, झटकून काड्या गळतात का बघतात, मगच पैसे देतात. शे-दोनशे रुपयांच्या झाडूची एवढी परीक्षा! मग हजारो रुपयांच्या झाडूवाल्याची किती कडक घ्यायला हवी?

चला तर, आज आपण परीक्षक होऊ. पण एक गोष्ट आधीच ठरवू. या परीक्षेचा मुख्य प्रश्न 'यंत्रात किती ताकद आहे?' हा नाही. मुख्य प्रश्न असा : आपल्या घरात रोज जे माणूस झाडतं, त्याची किती मिनिटं वाचली? बाकीचे सगळे प्रश्न याच्या पोटातले.

इतिहास (गुण नाहीत, पण माहिती हवीच!)

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र तयार केलं. ते एवढं अगडबंब होतं, की घोडागाडीवरून आणावं लागे. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. घरातली धूळ निघाली खरी, पण हे काही रोजचं काम नव्हे!

हातात धरण्याजोगं यंत्र सुचलं ते एका झाडणाऱ्या माणसाला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हे एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम करत. धुळीमुळे त्यांना दम्याचा त्रास व्हायचा. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून १९०७ साली एक यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढे ते हक्क हूवर कुटुंबाने घेतले आणि 'हूवर' हे नाव जगभर पसरलं. पाहिलंत? जो झाडतो, त्यालाच झाडण्याचा त्रास नेमका कळतो.

आपल्याकडे १९८२ साली सुरू झालेल्या 'युरेका फोर्ब्स'चे विक्रेते दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर दाखवायचे. गालिच्यातून किती धूळ निघाली ते ते घरातल्यांपुढे ओतून दाखवत. आई-बाबांना विचारा, आठवत असेल. म्हणजे तेव्हाही 'आधी दाखवा, मग विका' असंच होतं.

स्वतःहून फिरणारं यंत्र बाजारात आलं ते २००१ साली. स्वीडनच्या 'इलेक्ट्रोलक्स' कंपनीचा तो 'ट्रायलोबाइट'. २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'आयरोबोट' कंपनीचा 'रूम्बा' आला आणि रोबो घराघरांत शिरला.

आणि हा 'रोबो' शब्द? तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातला. त्याला तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठबिगारी! तेव्हा यंत्राने वेठ वाचवली की नाही, हे तपासणं नावातच आलं.

भूगोल (गुण २०) : आपल्या घराचा नकाशा

ही परीक्षा रोबो विकत घेण्याआधीच घ्यायची. लागणारं साहित्य : पट्टी, मोजपट्टी, पुठ्ठा.

बहुतेक रोबो साधारण ३५ सेंमी व्यासाचे आणि ८ ते १० सेंमी उंच असतात. पुठ्ठ्याची ३५ सेंमी व्यासाची चकती कापा. तिच्यावर १० सेंमी उंचीचा डबा चिकटवा. झाला तुमचा फुकटचा रोबो! आता तो घरभर ढकलत न्या. दिवाणाखाली जातो का? लोखंडी पलंगाखाली? जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांमधून? जिथे पुठ्ठा अडला, तिथे दहा हजारांचा रोबोही अडणार.

मग उंबरे मोजा. साधारण रोबो दीड-दोन सेंटिमीटरची चढण चढतो. नव्या फ्लॅटमध्ये सगळीकडे सपाट टाइल्स असतील तर उत्तम. पण जुन्या घरात ओसरीतून माजघरात जायला चांगला वीतभर उंबरा असतो. तिथे रोबोला कडेवर घेऊन पलीकडे सोडावं लागेल. मग कुणी कुणाचं काम केलं?

आता एक गंमत. रोबो जिन्यावरून खाली पडत नाही, कारण त्याच्या पोटाखाली अवरक्त किरणांचे 'डोळे' असतात. ते किरण जमिनीवर आपटून परत आले तर जमीन आहे, नाही आले तर खड्डा! पण काळा पृष्ठभाग हे किरण शोषून घेतो. आपल्याकडे उंबऱ्याला आणि पायऱ्यांना काळा कडप्पा, तर खोल्यांत करड्या रंगाची शहाबादी फरशी खूप दिसते. एखादा रोबो काळ्या दगडालाच खड्डा समजून मागे फिरू शकतो. दुकानात प्रात्यक्षिक बघताना खिशातून काळा कागद काढा आणि त्याच्या वाटेत ठेवा. विक्रेता चकित होईल, पण उत्तर तिथल्या तिथे मिळेल.

विज्ञान (गुण २०) : फू नाही, चूऽऽप!

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं? '४००० पास्कल सक्शन!' वाचून वाटतं, हा तर खुर्चीसुद्धा गिळेल. पण पास्कल हे दाबाचं फार लहान एकक आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. आपल्या सभोवतालच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. ४००० पास्कल म्हणजे त्याचा जेमतेम पंचविसावा भाग.

घरी करून पाहा. ४० सेंमी लांबीची स्वच्छ पारदर्शक नळी घ्या. एक टोक पाण्याच्या पेल्यात उभं धरा, दुसऱ्या टोकाने पाणी ओढा. पाणी ४० सेंमी वर चढलं, की तुमच्या तोंडाने जवळपास ४००० पास्कलचं काम केलं! म्हणजे उसाचा रस पिताना तुम्हीही छोटे व्हॅक्यूम क्लीनरच असता.

खरं तर पाणी आपण 'ओढत' नाही. तोंडातला हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. रोबोतही तेच. पंखा आतला दाब कमी करतो, बाहेरची हवा आत घुसते आणि येताना धूळ घेऊन येते. म्हणून नुसता पास्कलचा आकडा पुरत नाही. हवा किती वेगाने वाहते, ब्रश कचरा किती नीट सोडवतो, फिल्टर साफ आहे का, हे सगळं बघावं लागतं. गुळगुळीत फरशीवरची धूळ उचलायला फार मोठा आकडा लागत नाही. सतरंजी किंवा गालिचा असेल तर मात्र जास्त ताकद उपयोगी पडते. आपल्या घरी नुसती फरशी असेल, तर मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे कशाला?

आता प्रात्यक्षिक. तांदळाचे १०० दाणे मोजा. २५ खोलीच्या मधोमध, २५ भिंतीच्या कडेला, २५ पलंगाखाली आणि २५ चटईवर टाका. रोबो फिरवा. उरलेले दाणे मोजा. ८ उरले तर ९२ टक्के! असं तीनदा करून सरासरी काढा. मग हाच प्रयोग झाडूने करा. हो, तुलना केल्याशिवाय परीक्षा कसली?

दाणे उचलणं सोपं असतं, बारीक धूळ अवघड. तिच्यासाठी 'पांढऱ्या मोज्याची परीक्षा'. रोबो फिरून झाला, की शाळेचे स्वच्छ पांढरे मोजे घालून खोलीत शंभर पावलं चाला आणि तळवा बघा. उन्हाळ्यात लातूरच्या रस्त्यांवरची काळ्या मातीची धूळ खिडकी बंद असली तरी घरात येते, त्यामुळे मोजे खरं बोलतात. (प्रयोग झाल्यावर मोजे आपले आपण धुवावेत!)

गणित (गुण २०) : कोपरा आणि किंमत

आजीच्या प्रश्नाचं उत्तर भूमितीत आहे. गोल वस्तू चौकोनी कोपऱ्यात पूर्ण कधीच शिरत नाही. त्रिज्या १७.५ सेंमी असेल, तर कोपऱ्यात सुटणारी जागा अशी काढतात : त्रिज्येचा वर्ग गुणिले (१ वजा पायचा चौथा भाग). म्हणजे ३०६.२५ गुणिले ०.२१५, सुमारे ६६ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग! बाजूला फिरणारा छोटा ब्रश यातला काही कचरा बाहेर खेचतो, पण सगळा नाही. तेव्हा झाडू घराबाहेर काढता येणार नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनात केरसुणीचा मान कायम!

आता विजेचा हिशोब. बॅटरीवर '१४.४ व्होल्ट, ५२०० मिलिअँपिअर-तास' असं लिहिलं असेल, तर १४.४ गुणिले ५.२ म्हणजे सुमारे ७५ वॅट-तास. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते. तेव्हा एका वेळेला फार तर एक दशांश युनिट धरा. दहा वेळा घर झाडलं, की एक युनिट. विजेचा खर्च किरकोळ आहे.

खरा खर्च खरेदीचा आणि दुरुस्तीचा. समजा, रोबो १५,००० रुपयांना घेतला आणि चार वर्षं चालला. १५,००० भागिले १,४६० दिवस, म्हणजे रोजचे सव्वादहा रुपये. त्यात नवे ब्रश, फिल्टर आणि कधीतरी नवी बॅटरी मिळवा. म्हणून दुकानात तीन प्रश्न विचाराच. सुटे भाग वेगळे मिळतात का? दुरुस्ती लातुरात होते, की यंत्र पुण्याला पाठवावं लागतं? आवडलं नाही तर किती दिवसांत परत घेता? 'बघू, करू' असं उत्तर मिळालं तर गुण कापा.

नागरिकशास्त्र (गुण १५) : घर आपलं, नकाशा कुणाचा?

रोबो रस्ता कसा शोधतो? अगदी साधे रोबो धडकतात, वळतात, पुन्हा धडकतात. ते एकच जागा चार वेळा झाडतात आणि दुसरी विसरतात. जरा चांगल्या रोबोच्या डोक्यावर लेझरचं फिरतं बुटकुलं असतं. प्रकाश भिंतीवर जाऊन परत येतो, त्यावरून अंतर कळतं आणि घराचा नकाशा तयार होतो. तो मग ओळीत झाडतो, शेतात तिफण चालावी तसा. पास्कलच्या फुगलेल्या आकड्यापेक्षा ही सोय जास्त कामाची.

पण हा नकाशा मोबाइलच्या ॲपमध्ये जातो आणि बऱ्याचदा कंपनीच्या संगणकावरही. काही रोबोंना कॅमेराही असतो. २०२२ साली 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकाने उघड केलं, की काही रोबोंनी घरांत टिपलेली खासगी छायाचित्रं समाजमाध्यमांवरच्या गटांत पोचली होती. ते रोबो दुकानात विकलेले नव्हते, चाचणीचे होते, हे खरं. तरीही धडा घ्यावा. आपल्या घराला कॅमेऱ्याची गरज नसेल, तर बिनकॅमेऱ्याचा रोबो बरा. आणि ॲप न उघडता नुसतं बटण दाबूनही तो चालतो का, हे बघाच. वीज गेली की वाय-फाय जातं. शिवाय रोबोला परत बोलावणारा चार्जिंगचा ओटाही मुका होतो.

नागरिकशास्त्रातला आणखी एक प्रश्न. तुमच्या घरी झाडू-पोछ्याला मावशी येतात का? महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, कारण हे काम म्हणजे कुणाचं तरी पोट आहे. रोबो आणायचा विचार असेल तर मावशींशी आधी बोलायला हवं. रोबोला भांडी घासता येत नाहीत, जाळी काढता येत नाही, भिजलेली अंगणं झाडता येत नाहीत. कदाचित त्यांचं वाकणं कमी होईल आणि पगार तोच राहील. असं ठरवता येतं, पण ते माणसांनीच ठरवायचं असतं.

कार्यानुभव (गुण २५) : मिनिटांची वही

हा सर्वांत जास्त गुणांचा विषय. आठवडाभर वही ठेवा. घर कोण झाडतं आणि किती मिनिटं लागतात, रोज लिहा. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. तुमच्या वहीत काय दिसतं?

समजा, आईला रोज झाडायला २५ मिनिटं लागतात. रोबो आला. आता तो फिरण्याआधी जमिनीवरचं सगळं उचलावं लागतं. गोधड्या, चपला, कूलरची वायर, दप्तरं, पेन्सिलीची टोकं : ६ मिनिटं. केराचा डबा रिकामा करायचा, तो तर जेमतेम अर्धा लिटरचा : २ मिनिटं. ब्रशला गुंडाळलेले केस कापायचे, फिल्टर झटकायचा, त्याची रोजची सरासरी : २ मिनिटं. आणि कोपरे झाडूने काढायचे : ५ मिनिटं. बेरीज १५. वाचली फक्त १० मिनिटं!

पण थांबा. त्या ६ मिनिटांतलं बरंचसं सामान कुणाचं असतं? दप्तर कुणाचं, मोजे कुणाचे, चेंडू कुणाचा? ते ज्याचं त्यानं उचललं, तर आईची १६ मिनिटं वाचतात. यंत्र तेच, गुण मात्र एकदम वाढले!

काही रोबो फरशी पुसतातही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना पाण्याची किंमत सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला पहिली पाणीगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली होती. रोबोच्या टाकीत पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, बादलीपेक्षा खूप कमी. पण तो ओलं फडकं नुसतं फिरवत नेतो. सांडलेलं वरण वाळलं असेल तर हातानेच घासावं लागतं. त्याचं फडकंही धुवावं लागतं. बोअरच्या जड पाण्याने टाकीची छिद्रं क्षार साचून बुजतात, ते वेगळंच.

काही धोके मात्र वहीत लाल शाईने लिहा. जमिनीवर समई तेवत असताना रोबो सोडायचा नाही. निवडायला पसरलेल्या तुरी, देवापुढची रांगोळी, कानातलं पडलेलं मोती, त्याला सगळं सारखंच. फक्त कोरडा झाडणारा रोबो ओल्या फरशीवर चालवायचा नाही. आणि मांजराच्या पिल्लाने कोपऱ्यात काही 'उद्योग' करून ठेवला असेल, तर रोबो त्याची रांगोळी घरभर काढील!

निकाल

भूगोल, विज्ञान आणि गणित प्रत्येकी २०, नागरिकशास्त्र १५, कार्यानुभव २५. एकूण १००. ७० च्या वर गुण पडले तर घ्यायचा विचार करा. ५० ते ७० असतील तर सहा महिने थांबा. ५० च्या खाली असतील तर नापास! मात्र भूगोल सक्तीचा. उंबराच अडला, तर बाकीच्या गुणांचा उपयोग नाही.

साधारणपणे असं दिसेल : सपाट टाइल्सचा फ्लॅट, जमिनीवर थोडं सामान, घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा किंवा दिवसभर कामावर असणारे आई-बाबा असतील, तर स्वस्तातला पण लेझर-नकाशावाला रोबो रोजची धूळ उचलायला चांगला मदतनीस ठरतो. उंबऱ्यांचं जुनं घर, जमिनीवर अंथरुणं आणि येती-जाती माणसं असतील, तर पैसे जपून ठेवा. झाडूच पहिल्या नंबराने पास.

आणि रोबो येवो न येवो, मिनिटांची वही आजपासून सुरू करायला पैसे लागत नाहीत. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे झाडण्याची मिनिटं. आपल्या नावापुढे शून्य दिसलं, तर काय करायचं, हे काही सांगायला हवं का?